डावी पोटरी

गरोदर बाईचे पाय सुजतात. हे सांगायला नर्स लागत नाही, कुठलीही सासू सांगते. दिवस भरत आले की चपलेचा पट्टा घट्ट होतो, जोडवी निघत नाहीत, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मी बत्तीस वर्षं आरोग्यसेविका होते. त्या काळात किती पाय दाबून पाहिले त्याची मोजदाद नाही. आणि तरीही ज्या एका पायाकडं नीट बघायला हवं होतं, त्याच्याकडं मी बघितलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतले गमतीदार अनुभव लिहायला सांगितले होते. तसे आहेत माझ्याकडं, एखादा सांगेनही. पण लिहायला बसले की तो पायच आधी डोळ्यांपुढं येतो. म्हणून तोच लिहिते.

मी मूळची अवसरी खुर्दची. आजोबांच्या पिढीत आम्ही बौद्ध झालो, आणि मुली शिकल्याच पाहिजेत हे माझ्या वडिलांनी तेव्हापासून मनात पक्कं धरलं. नर्सिंगचा कोर्स करून मी नोकरीला लागले तेव्हा पहिली काही वर्षं काही घरांतून मला ओट्यावरच बसवायचे. चहा वेगळ्या कपातून यायचा. घरात कुणी अडली की मात्र तीच माणसं मला हाताला धरून थेट आतल्या खोलीत न्यायची. मी ते फार मनावर घेतलं नाही. बाळ हातात आलं की पुढच्या वेळी कप बदलायचा.

आमचं काम बाहेरच्यांना नीटसं माहीत नसतं. लोकांना वाटतं, पोलिओचे डोस पाजायचे आणि वजनं करायची. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा, रक्तदाब बघायचं यंत्र, टेप, लोहाच्या गोळ्या आणि रजिस्टरं. गावातली प्रत्येक गरोदर बाई शोधून तिचं नाव नोंदवायचं, महिन्याच्या महिन्याला तपासायचं, आणि कुणाचं काय बिनसणार आहे ते आधीच ओळखून तिला डॉक्टरकडं धाडायचं. खरं काम ते आधी ओळखण्याचंच. बाकीचं कुणीही करील.

त्यातली एक गोष्ट समजायला मला फार उशीर झाला. गर्भारपणात बाईचं रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. ती शरीराचीच तजवीज असते, बाळंत होताना फार रक्त जाऊ नये म्हणून. पण पोट वाढलं की पायांकडून वर येणाऱ्या शिरा दबतात, डाव्या बाजूच्या जास्त. त्यात रक्त रेंगाळतं आणि कधी कधी पोटरीच्या किंवा मांडीच्या आतल्या शिरेत गुठळी होते. ती तिथंच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. सुटली तर वर छातीत जाते, फुप्फुसाची वाट अडवते, आणि बाई बोलता बोलता जाते. सगळ्यात जास्त धोका बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यात. म्हणजे, सुटली बिचारी, असं म्हणून घरचे निर्धास्त होतात तेव्हा.

आपल्याकडच्या रीतीही त्या गुठळीला मदतच करतात. बाळंतिणीला बाजेवरून हलू द्यायचं नाही, आणि पाणी प्यायला द्यायचं नाही, पोट सुटतं म्हणून. बोरी बुद्रुकला एक सासूबाई सुनेला चहाच्या कपानं पाणी मोजून द्यायच्या, दिवसाला चार कप. मी पुष्कळ समजावलं. शेवटी विचारलं, "तुमची म्हैस व्याली की तिला पाणी देता का नाही?"

"तिला गुळाचं पाणी देतो की बादलीभर," त्या म्हणाल्या.

"मग दीड महिना सुनेला म्हैसच समजा."

सासूबाई रागावल्या, पण दुसऱ्या दिवशी बाजेशेजारी हंडा भरून ठेवलेला दिसला. सून मला बघून तोंडावर पदर घेऊन हसत होती. संपादकांना हवी असलेली गंमत एवढीच. आता सुनंदाचं सांगते.

तेव्हा मी मढच्या बाजूला एका उपकेंद्रात होते. गावाचं नाव लिहीत नाही. सुनंदा चोवीस वर्षांची होती, माहेरी पहिल्या बाळंतपणाला आली होती. माहेर रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांपलीकडच्या वस्तीवर. वडील नव्हते. आई हौसाबाई, आणि धाकटी बहीण रेखा, ती तेव्हा आजोळी राहून शिवणकाम शिकत होती. मी गेले की हौसाबाई नाचणीची भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत. त्या माझ्यापेक्षा मोठ्या, मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या घरात माझा कप कधीच वेगळा नव्हता.

सुनंदाचं सिझर झालं, शहरात, एका खाजगी दवाखान्यात. मुलगा झाला. पाचव्या दिवशी तिला घरी आणलं आणि सहाव्या दिवशी मी नियमाप्रमाणे बघायला गेले. ती बाजेवर पडून होती. थंडीचे दिवस, बाजेखाली शेगडी, अंगावर गोधडी. मी बाळाचं वजन केलं, नाळ बघितली, टाके बघितले, सगळं छान होतं. निघताना सुनंदा म्हणाली, "बाई, डावा पाय लई जड झालाय. भुईला टेकवत न्हाई."

मी गोधडीची कड उचलून डावी पोटरी दाबली. ती कळवळली. पाय सुजलेला होता, गरम होता. मी म्हणाले, "पडून पडून आखडलाय. बाळंतपणात सूज येतेच." आणि हौसाबाईंकडं वळून सांगितलं, "मावशी, कोमट तेल लावून चोळत जा दोन वेळा. शेक द्या. ओसरेल."

उजवा पाय गोधडीखालीच राहिला. तो मी बघितला नाही. दोन्ही पाय शेजारी शेजारी बघितले असते तर आंधळ्यालाही फरक दिसला असता. पण ती थंडीनं कुडकुडत होती आणि मला अजून दोन वस्त्या करायच्या होत्या. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'डाव्या पायास सूज. सल्ला दिला.'

नवव्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला मी शाळेत मुलांना लस देत होते, तेव्हा फोन आला. गाडी मिळवून वस्तीवर पोचले तर अंगणात बाया जमलेल्या. सुनंदा न्हाणीकडं जायला उठली होती. चार पावलं चालली, छातीवर हात ठेवून म्हणाली, दम लागतोय, आणि दारातच खाली बसली. दवाखान्याची जीप यायच्या आत सगळं संपलं होतं. हौसाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, आत्ता बोलत व्हती ओ. आत्ता."

त्यांच्या हातांना तेलाचा वास येत होता. सकाळीच चोळून झालं होतं.

कागदावर हृदयविकाराचा झटका आला. शवविच्छेदन झालं नाही. घरच्यांना नको होतं आणि कुणी आग्रहही धरला नाही. बाळंतपणात बाई गेली की चौकशी होते, तशी झाली. साहेबांनी माझं रजिस्टर मागितलं, ओळ वाचली, विचारलं, "सूज होती का?"

"होती. थोडी."

"बाळंतपणात येतेच," ते म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले. त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. ते आठवलं की आजही लाज वाटते. सुनंदाच्या मुलाला त्याच्या वडिलांकडचे घेऊन गेले. मी बदली मागून घेतली.

त्यानंतर काही वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी आमचं एक प्रशिक्षण होतं. दुपारी जेवणानंतरचा तास, निम्म्या जणी पेंगत होत्या. शिकवणारे डॉक्टर पडद्यावर एक चित्र दाखवत होते, बाईचे दोन पाय, एक बारीक, एक सुजलेला. म्हणाले, "दोन्ही पाय सुजले तर तपासा. एकच सुजला तर थांबू नका, पाठवा. आणि एक लक्षात ठेवा, तो पाय चोळायचा नाही. चोळला तर गुठळी सुटून वर जाऊ शकते."

मी वहीत 'चोळायचा' एवढंच लिहिलं, पुढचं लिहिता आलं नाही.

मढकडं जाऊन हौसाबाईंना हे सांगावं, असं त्या दिवशी परत येताना वाटलं. मग वाटलं, सांगून काय होणार, गेलेली परत येत नाही, उलट त्यांच्या जिवाला घोर. असं स्वतःला पटवून मी गेले नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. त्या दिवसापासून मी एक केलं. प्रत्येक गरोदर आणि बाळंत बाईच्या दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजायला लागले, गुडघ्याखाली सारख्या अंतरावर. बायका हसायच्या. "पोटऱ्यांचं माप कशाला, सलवार शिवणार का बाई?" मी म्हणायचे, शिवीन. मोजण्यानं दोघी जणी वेळेत सापडल्या, दोघी वाचल्या. त्याचा मला अभिमान आहे. पण सुनंदाच्या नावापुढं त्यानं काही बदलत नाही.

नोकरीची शेवटची वर्षं मी बोरी बुद्रुकच्या बाजूला काढली. त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका रुग्णालयात तरुण डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी आम्हा सेविकांना एक कागद दिला. मोठ्या शहरांत असे कागद आधीपासून वापरतात, त्यांनी तो मराठीत सोपा करून दिला होता. गुठळीचा धोका कुणाला आहे ते आधीच सांगणारा. वय पस्तीसच्या पुढं का, वजन जास्त का, पोटात जुळं आहे का, पूर्वी कधी पायात गुठळी झाली का, सिझर झालं का, बरेच दिवस अंथरुणावर आहे का, आई किंवा बहिणीला कधी गुठळी झाली होती का. प्रत्येक होकाराला गुण. त्या कागदावर दोन गुण झाले तर गरोदरपणी नजर ठेवायची, चालायला लावायचं, पाणी पाजायचं. तीन झाले तर सातव्या महिन्यापासून रोज एक इंजेक्शन, रक्त पातळ ठेवायचं, थेट बाळंतपणानंतर दीड महिन्यापर्यंत. शाळेत गुण वाढले की आनंद व्हायचा. इथं गुण वाढले की मी बेरीज परत करून बघायचे.

एका मंगळवारी एक बाई नाव नोंदवायला आली. सदतीस वर्षांची, अंगानं स्थूल. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पुण्याला उपचार घेऊन आता कुठं दिवस राहिलेले. घरी शिलाई मशीन चालवते म्हणाली. नवरा संतोष टेंपोवर, कांदा आणि द्राक्षं पोचवणारा. मी कागद काढला. वय, एक गुण. वजन, एक गुण. बाकी सगळं नाही, नाही. मग विचारलं, "आईला, बहिणीला कधी पायात, छातीत गुठळी झाली होती?"

"गुठळी न्हाई. पर माझी बहीण बाळंतपणात गेली. हार्ट अटॅकनी."

"नाव काय तिचं?"

"सुनंदा."

मी मान वर केली. रेखाला मी एकदोनदाच बघितलं होतं, तेव्हा ती लहान चणीची मुलगी होती. तिनं मला ओळखलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं, रक्तदाब परत एकदा मोजायचं निमित्त केलं, आणि तिला म्हणाले, "तुझ्या आईला बोलावून घे. डॉक्टर मॅडमना माहेरची सगळी माहिती लागेल." कागदावरची ती जागा मी कोरी ठेवली.

हौसाबाई आल्या. पुष्कळ थकलेल्या, पण मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "बाई, तुमी हितं? बरं झालं बया. माझी रेखा तुमच्या हातात हाय म्हणजे मला घोर न्हाई." त्यांनी पिशवीतून माझ्यासाठी करवंदाच्या लोणच्याची बाटली काढली. मला ती घेववेना.

रुग्णालयात डॉक्टर मॅडमच्या खोलीत आम्ही चौघी. मॅडमनी कागद वाचला. "दोन गुण झालेत. बहिणीचं काय? इथं तुम्ही काही लिहिलं नाही, सिस्टर."

रेखा म्हणाली, "हार्ट अटॅक."

"चोविसाव्या वर्षी? सिझरनंतर?" मॅडम हौसाबाईंकडं वळल्या. "आजी, त्याआधी तिला काही होत होतं का? पाय दुखत होता का?"

हौसाबाई आठवू लागल्या. खूप वर्षं झाली होती. "व्हय, कायतरी म्हनायची पायाचं..."

मॅडम मला म्हणाल्या, "रक्ताच्या काही तपासण्या पुण्याला पाठवू, पण गरोदरपणात त्या नीट उलगडत नाहीत. इतिहासच महत्त्वाचा. ती गुठळी होती असं वाटायला काही आधार असेल तर मी इंजेक्शन सुरू करीन. उगाच रोज सुई टोचायला मलाही नको."

मी बोलले नसते तर ती जागा कोरीच राहिली असती, आणि रेखाचे गुण दोनच.

"मॅडम, ती माझ्या कार्यक्षेत्रात होती," मी म्हणाले. "सहाव्या दिवशी मी तिला बघितलं. फक्त डावा पाय सुजला होता. गरम होता, दाबल्यावर दुखला. मला तेव्हा ओळखता आलं नाही. मी तिला पाठवलं नाही. नवव्या दिवशी ती चालायला उठली आणि दम लागून गेली."

हौसाबाई माझ्याकडं बघत होत्या, पण नीट कळल्यासारखं दिसत नव्हतं. मॅडमनी पेन उचललं, तिसरा गुण लिहिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाय चोळला होता का?"

मी बोलणार, तेवढ्यात हौसाबाई म्हणाल्या, "मी चोळला. तीन दिस, दोन टायमाला. खोबरेल कोमट करून."

"चोळायचा नसतो आजी," मॅडम म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही म्हणाल्या. "गुठळी सुटते त्यानं."

हौसाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मी तिथं होते. एक वाक्य बोलायचं होतं, चोळायला मी सांगितलं होतं. ते तोंडातून निघालं नाही. एका दिवसात तेवढंच कबूल करण्याची माझी ताकद होती, असं मी पुढं स्वतःला समजावलं. ते खरं नाही.

परतीच्या एस.टी.त रेखा पुढच्या सीटवर, मी आणि हौसाबाई मागं. बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. उसाच्या फडांमागून फड गेले. मग हळूच, रेखाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "चोळायला कुनी सांगितलं ते तुमी त्या डाक्टरनीला सांगितलं न्हाई."

"नाही सांगितलं, मावशी."

"मी बी न्हाई सांगितलं."

त्या माझी इज्जत राखत होत्या, की मला न बोलून शिक्षा देत होत्या, हे मला आजही कळलेलं नाही.

बाळंतपण झाल्यावरही सुई चालू ठेवायची म्हणून रेखा माहेरी जाणार नव्हती, तेव्हा हौसाबाईच बोरीला राहायला आल्या. सातव्या महिन्यापासून इंजेक्शन सुरू झालं. संतोष आधी घाबरला. "पोटात सुई? बाळाला लागंल ना बाई." मी त्याला पोटाच्या कातडीची चिमूट धरून दाखवली. सुई फक्त कातडीखाली जाते, औषध बाळापर्यंत पोचत नाही. पहिले पंधरा दिवस मी रोज सकाळी जाऊन दिलं, रविवारीसुद्धा. मग संतोषला शिकवलं. त्यानं आधी मोसंब्यावर हात बसवला, दोन मोसंबी वाया घालवली, आणि मग माझ्यापेक्षा हलक्या हातानं द्यायला लागला. मी हौसाबाईंनाही विचारलं होतं, तुम्ही शिकता का. त्या म्हणाल्या, "मी माझ्या लेकीला हात लावनार न्हाई आता."

आणि खरोखर त्यांनी लावला नाही. स्वयंपाक करायच्या, पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या, रेखाला अंगणात फेऱ्या मारायला लावायच्या, पण तिचे केस विंचरायलाही शेजारणीला बोलवायच्या. मी गेले की त्या मागच्या दारानं गोठ्याकडं जात. मला चहा यायचा, तो रेखाच्या हातून.

सिझर ठरवून झालं. आदल्या दिवशी सुई थांबवली, नंतर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा परत सुरू केली. मुलगी झाली, सावळी, डोक्यावर भरपूर जावळ. मी घरी रोज पोटऱ्या मोजायला जायचे. नवव्या दिवशी गेले तर हौसाबाई घरात नव्हत्या. संतोष म्हणाला, सकाळपासून बांधावर जाऊन बसल्यात, बोलावलं तरी येईनात. मी रेखाचे पाय मोजले. दोन्ही सारखे. बांधावर जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण दिवस मावळेपर्यंत तिथून उठल्या नाहीत, असं मला नंतर कळलं.

दीड महिना झाला. शेवटच्या सुईच्या दिवशी दुपारी मी गेले. डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं, या मुलीसाठी एक कागद लिहून घरच्यांकडं ठेवा. असं रक्त घराण्यातून येऊ शकतं. ती मोठी होऊन गरोदर राहील तेव्हा कुणी परत 'हार्ट अटॅक' म्हणायला नको. मी पडवीत बसून लिहिलं. हौसाबाई आज गोठ्याकडं गेल्या नव्हत्या. खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय लिवलं ते वाचा."

मी वाचलं. 'या मुलीची मावशी सुनंदा, वय चोवीस, सिझरनंतर नवव्या दिवशी वारली. डावा पाय सुजला होता. पायातली रक्ताची गुठळी छातीत गेली असण्याची दाट शक्यता. आई रेखा हिने गरोदरपणात व नंतर इंजेक्शनं घेतली. ही मुलगी गरोदर राहिल्यास पहिल्याच तपासणीत हा कागद दाखवावा.'

"चोळल्याचं लिवलं का?"

"नाही मावशी. डॉक्टरांना एवढं पुरतं."

"डाक्टरला नगं. घरच्यांला." त्यांनी आत बाळाकडं बघितलं. "तवर मी काय नसन. उद्या हिचा पाय सुजला तर हिची आई तेलाची वाटी घिऊन बसंल. मायेनी बसंल ती. लिवा."

मी लिहिलं, 'सुजलेला पाय चोळू नये. सुनंदाचा पाय तिच्या आईने तीन दिवस चोळला होता.' आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. मग मी त्याच ओळीच्या पुढं लिहिलं, 'आरोग्यसेविकेच्या सांगण्यावरून.' तेही वाचून दाखवलं. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

रेखा आतल्या उंबऱ्याशी बाळाला पाजत बसली होती. तिनं मान वर करून आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. चोळायला मी सांगितलं होतं, हे तिला आत्ता पहिल्यांदाच कळत होतं. हौसाबाई म्हणाल्या, "एस.टी. जाईल तुमची, बाई. निगा."

त्यानंतर मी त्या घरी गेले नाही. थोड्याच महिन्यांनी निवृत्त झाले. माझ्या जागी आलेली सिस्टर नवी आहे, हुशार आहे, दोन्ही पोटऱ्या मोजते. मागच्या महिन्यात ती रेखाच्या मुलीला डोस द्यायला गेली होती. लसीच्या कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद होता. तिनं मला फोन केला. म्हणाली, "मॅडम, यावर खाली तुमचं नाव आहे. हे असं खरंच झालं होतं का?"

मी म्हणाले, "हो. असंच झालं होतं."